कमरेचं पातं : गारगोटीपासून ट्रकच्या पाट्यापर्यंत



मागच्या हंगामात दोन-तीन तरुण पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. शेतात रोज कमरेला ठेवायला छोटा, न मिटणारा चाकू घ्यायचाय, कोणता घेऊ? मोबाईलवर त्यांनी बरेच बघितले होते. काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दात, टोक भाल्यासारखं, वर झकास म्यान. दिसायला सगळेच भारी.

मी म्हणलं, आधी मला सांगा, त्यानं कापणार काय? आणि बोथट झाला की धार कुठं लावणार? दोन्हीचं उत्तर कुणाकडं नव्हतं. म्हणून आज जरा मागं जाऊन बघू. आपल्या भागात शेतकऱ्याच्या हातात पातं आलं कसं, बदललं कसं, आणि त्यातून आज घ्यायचं काय. पात्याचा इतिहास कळला की निवड आपोआप सोपी होते.

गारगोटीचं पातं

आपल्या बालाघाटाच्या रानात नांगरट केली की पांढऱ्या, दुधी, चकचकीत गारगोट्या वर येतात. आपण त्या बांधावर फेकतो. पण तीन हजार वर्षांपूर्वी याच दगडाचं पातं होत होतं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथं सापडली. हे लोक जव पिकवायचे, जनावरं पाळायचे. तांबं त्यांना माहीत होतं, पण ते महाग आणि दुर्मिळ. रोजचं कापायचं काम ते गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पातळ, लांबट पात्यांनी करत. अशी छोटी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवायची पद्धत होती. एक तुकडा तुटला की तेवढाच बदलायचा.

बघा, पहिला धडा इथंच मिळतो. शेतकऱ्यानं पातं निवडलं ते रानात मिळणाऱ्या मालाचं आणि स्वतःला दुरुस्त करता येईल असं. तांब्याचं दिसायला चांगलं असेल, पण रोजच्या कामाला गारगोटीच.

लोखंड आलं, आणि दोन वाटा झाल्या

पुढं लोखंड आलं. विदर्भात नागपूरजवळ नायकुंड इथं लोखंड वितळवायच्या भट्टीचे अवशेष मिळालेत, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचे. त्याच भागातल्या माहुरझरी वगैरे ठिकाणच्या दगडी वर्तुळांच्या दफनांत कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या अशा लोखंडी वस्तू निघाल्या. म्हणजे महाराष्ट्रात लोखंडाचं काम अडीच हजार वर्षांपेक्षा जुनं आहे.

इथून पात्याच्या दोन वाटा झाल्या. एक हत्याराची, एक अवजाराची.

हत्याराची वाट बघायची तर आपल्या जुन्या निजाम राज्यातच बघा. आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथं मातीच्या मुशीत लोखंड बंद करून, तापवून उंची पोलाद करत. इंग्रज त्याला वूट्झ म्हणायचे. १८२० साली डॉ. व्हॉयसे नावाच्या इंग्रज माणसानं तिथं जाऊन ही रीत बघितली आणि लिहून ठेवली. इराणचे व्यापारी हे पोलाद घ्यायला तिथपर्यंत यायचे, त्याच्या तलवारी होत. त्याच सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरेडे, ज्यानं पुढं विजेचे मोठे शोध लावले, तोही या हिंदुस्थानी पोलादाची परीक्षा करत होता.

पण असलं भारी पोलाद कुणब्याच्या खुरप्याला कुठून परवडणार? त्याचं पातं गावच्या भट्टीतलं.

आता दोन्हीचा आकार बघा. कट्यार, बिचवा, खंजीर घ्या. टोक अणकुचीदार, बहुतेकांना दोन्ही बाजूंनी धार. काम एकच, भोसकणं. आणि आपला विळा, कोयता, खुरपं घ्या. धार एका बाजूला. विळ्याची धार आतल्या पोटाला, म्हणजे पीक ओढून कापता यावं. खुरप्याची धार पुढं, म्हणजे गवताच्या मुळाशी जावी. टोकाचं काम जवळजवळ नाहीच. जे अवजार दिवसभर हातात राहणार, वाकून-बसून वापरायचं, शेजारी लेकरू बसलेलं असणार, त्याला भाल्यासारखं टोक कशाला?

हा दुसरा धडा. शेताच्या पात्याचं पोट बघायचं, टोक नाही.

लोहार, बलुतं आणि घिसाडी

गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा ठरलेला. त्या बदल्यात वर्षभर फाळ, कुळवाची पास, विळे, खुरपी पाजवून द्यायची. म्हणजे त्या काळी अवजार आणि त्याची दुरुस्ती ही एकच गोष्ट होती. विळा घेतला की धार त्याच्यासोबतच आली.

लोहाराशिवाय घिसाडी यायचे. गाडीवर संसार, पालं ठोकायची, जमिनीत खड्डा करून भट्टी, चामड्याचा भाता, एक ऐरण. बाप्या माणूस सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बाई समोर उभी राहून घण घालते. हे दृश्य चाळिशी-पन्नाशीच्या सगळ्यांनी बघितलेलं आहे. आपलं मूळ ते राजस्थान-गुजरातकडचं सांगतात, त्यांची बोलीही गुजरातीच्या जवळची. आज ते भटक्या जमातींच्या यादीत आहेत. आपल्या शेतीला या लोकांनी पिढ्यानपिढ्या धार दिली, पण शेतीच्या इतिहासात त्यांचं नाव कमीच येतं.

त्यांचं खरं कसब ठोकण्यात नव्हतं, पाणी पाजण्यात होतं. लाल केलेलं पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते परत हळू तापवायचं. तापताना पात्यावर रंग चढत जातात. आधी वाळलेल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवलं तर धार टिकते, पण दगडाला लागली की टवका उडतो. जांभळ्या-निळ्याकडं नेलं तर टवका उडत नाही, पण धार लवकर बसते. वस्तरा, सुरी पिवळ्यावर, मातीत जाणारं अवजार पुढच्या रंगावर. हा हिशोब शाळेत न गेलेली माणसं नजरेनं करायची.

ट्रकचा पाटा

स्वातंत्र्यानंतर रस्ते आले, ट्रक आले, आणि लोहाराला नवा माल मिळाला. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. आजही चांगला कोयता घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो, पाट्याचा आहे. त्याला कारण आहे.

लोखंडात कर्ब किती यावर ते पाणी पितं की नाही हे ठरतं. कमानीच्या पाट्यात कर्ब साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. म्हणून ते पाणी घेतं आणि वाकून परत सरळ होतं. याउलट स्लॅबच्या सळईत कर्ब ०.३० टक्क्याच्या आतच ठेवतात, कारण ती वाकवायची, वेल्डिंग करायची असते. त्यामुळं सळईचं किंवा पत्र्याचं पातं कितीही वेळा पाण्यात बुडवा, धार टिकणार नाही. बाजारात दोन्ही पाती एकाच रंगात, एकाच चकाकीत टांगलेली असतात. फरक डोळ्याला दिसत नाही, पहिल्या आठवड्यात हाताला कळतो.

कोयता : अवजार की माणूस?

आता आपल्या बीडच्या दुखऱ्या जागेवर येतो.

१९५० च्या अखेरीस प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. त्यांना तोडीला माणसं पाहिजे होती. आपल्याकडं कोरडवाहू जमीन, आणि त्यात १९७२ चा दुष्काळ पडला. बालाघाटाच्या पट्ट्यातून, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतून माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन निघायला लागली. ती वाट अजून चालूच आहे.

ऊसतोडीचा कोयता आकारानं वेगळा का, तर काम वेगळं आहे. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडख्याकडं साखर जास्त असते, आणि वर धस राहिलं तर खोडव्याचा फुटवा बिघडतो. म्हणून पातं रुंद, चपटं, वजनदार. त्याच पात्यानं वाढं छाटायचं, पाचट काढायचं. कामानं पातं घडवलं, ते असं.

पण त्या पात्यानं शब्दसुद्धा बदलला. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" लिहितात. एकटा माणूस असला तर "अर्धा कोयता". उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. जगात किती ठिकाणी माणसाची मोजणी त्याच्या हातातल्या अवजाराच्या नावानं होत असेल? वहीत कोयता राहिला, बाईचं नाव लिहिलंच गेलं नाही.

आणि २०२२-२३ पासून तोच शब्द शहरातल्या पेपरात वेगळ्याच अर्थानं यायला लागला. पुण्यात पोरांच्या टोळ्या कोयते नाचवायला लागल्या, त्यांना "कोयता गँग" नाव पडलं. कोयता विकणाऱ्यांनी गिऱ्हाईकाचं आधार कार्ड नोंदवून घ्यावं अशा पोलिसांच्या सूचनांच्या बातम्या आल्या. पोलिसांचंही बरोबर आहे, दहशत मोडलीच पाहिजे. पण विचार करा. ज्या वस्तूनं आपल्या जिल्ह्यातल्या लाखो घरांची चूल पेटवली, तिचं नाव ऐकलं की शहरातला माणूस आता दचकतो. म्हणून कमरेला काय अडकवायचं हे ठरवताना कायदाही माहीत पाहिजे.

कायदा काय बघतो

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत धारदार शस्त्रांचा एक गट आहे. तलवारी, खंजीर, भाले, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे वगैरे. पण त्यातच पुढं म्हटलंय, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली पाती सोडून. २०१६ चे नवे नियम आले तरी हे तत्त्व तसंच राहिलं. म्हणून तर दोन इंचांहून रुंद असलेला ऊसतोडीचा कोयता शेतकऱ्याच्या घरात बिनदिक्कत राहतो.

म्हणजे कायदा नुसती लांबी मोजत नाही. वस्तू कशासाठी बनवली हे विचारतो. जे इनामगावच्या शेतकऱ्यानं विचारलं, लोहारानं विचारलं, तेच.

पण दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. सण, निवडणूक, मोर्चे असले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतो. त्या काळात सार्वजनिक जागी सुरे, काठ्या, इजा होईल अशी वस्तू बाळगायला बंदी असते. अशा वेळी म्यानातला चाकू कमरेला लावून मोंढ्यात, सभेत, बसस्टँडवर फिरायचं नाही. शेताचं पातं शेतात. तालुक्याला जाताना ते घरी किंवा शेतातल्या कोठ्यावर ठेवायचं. धार लावायला न्यायचं असेल तर गोणपाटात गुंडाळून पिशवीत.

बाहेरच्या देशांतही हेच. स्वीडनमध्ये मोरा नावाच्या गावाच्या आसपास छोटे, लाकडी मुठीचे न मिटणारे चाकू होतात. १८९१ पासूनचा तिथला कारखाना आजही जगभर माल विकतो. शेतकरी, सुतार, कोळी सगळे तोच चाकू वापरतात, त्यात दिखावा काही नाही. पण त्याच स्वीडननं १९८८ साली कायदा केला, की सार्वजनिक जागी चाकू बाळगायचा तर कामाचं कारण पाहिजे. आपल्याकडं मराठवाड्यात रोज अंगावर बाळगल्या जाणाऱ्या एका पात्याला तर थेट राज्यघटनेनं जागा दिली आहे, ती म्हणजे शिखांची कृपाण. कलम २५ मध्ये तसं स्पष्टीकरण आहे. नांदेडला गेलेल्या प्रत्येकानं ती बघितलेली असते. तिचं कारण धर्माचं, आपल्या पात्याचं कारण कामाचं. कारण मात्र पाहिजेच.

मग घ्यायचं काय?

आज आपल्या शेतात रोजचं छोटं काम काय आहे ते मांडू. खताच्या गोणीची शिवण कापणं. सुतळी, दोरी कापणं. ठिबकची नळी सरळ कापणं, कारण तिरकी कापली की जोडाला गळती लागते. सोयाबीनचं खोड उभं चिरून आत खोडमाशी किंवा चक्रीभुंग्याची अळी आहे का बघणं. कपाशीची हिरवी बोंडं फोडून गुलाबी बोंडअळी मोजणं. २० बोंडं वेगवेगळ्या झाडांची तोडा, २ मध्ये अळी निघाली म्हणजे १० टक्के झाली, फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली. ही मोजणी बाहेरून बोंड बघून होत नाही, चिरावंच लागतं. आणि आपला सीताफळाचा भाग. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे. कलम बांधायला पातळ, वस्तऱ्यासारखी धार लागते.

या यादीत भोसकायचं एकही काम नाही. तोडायचं, फोडायचं मोठं कामही नाही, त्याला कोयता-कुऱ्हाड आहेच. म्हणून माझा हिशोब असा :

लांबी : पातं तीन ते चार इंच पुरे. बोटभर रुंदी. बोंड हातात धरून चिरायचं तर लांब पातं आडवं येतं.

आकार : एका बाजूला धार, पाठ सपाट म्हणजे अंगठा ठेवता येतो. टोक थोडं बोथट. पाठीवरचे करवतीचे दात नकोत, ते अंगठा आणि म्यान दोन्ही कापतात.

पोलाद : कर्बाचं, पाट्याचं किंवा जुन्या हेक्सॉच्या जाड पात्याचं. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, आणि चांगल्या प्रतीचं स्टेनलेस वाईट नसतं. पण स्वस्तातलं बहुधा मऊ असतं, आणि त्याला गावात पाणी देता येत नाही. कर्बाचं पातं गंजतं, म्हणून पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं. एवढी मेहनत आपण बैलाच्या शिंगांनाही घेतोच की.

परीक्षा : दुकानात कानस मागा. धारेजवळ हलकेच फिरवा. कानस घसरली तर पातं पाणी प्यालेलं आहे. कानस लोखंड खायला लागली तर ते मऊ आहे, सोडून द्या.

मूठ : बाभळीची किंवा सागवानी, मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं पाहिजे. पात्याचं लोखंड मुठीत खोलवर गेलेलं आणि पक्कं बसलेलं आहे ना, ते हलवून बघा. आणि ज्याच्या हातात ते राहणार त्याचा हात न्या. शेतातलं निंदण-खुरपण, वेचणी बायका करतात, पण बाजारातल्या मुठी सगळ्या एकाच जाडीच्या. मूठ जाड असली की मनगट भरून येतं. लोहार मूठ तासून देतो, फक्त सांगावं लागतं.

म्यान : पातं उघडं खिशात नको, धोतर-पँट दोन्ही फाटतात. चामड्याचं नसलं तर ठिबकच्या जाड नळीचा तुकडा तापवून चपटा करा, झालं म्यान.

धार : ग्राइंडरवर धार लावताना पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं म्हणून समजा. तेवढा भाग मेला. कुरुंदाचा दगड आणि पाणी, पाच मिनिटं, बस. डाळिंबात तेल्या असेल तर एका झाडाचं पातं दुसऱ्याला लावायच्या आधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, आणि काम संपलं की धुऊन कोरडं करा, नाहीतर त्या द्रावणानंच गंज चढतो.

आणि सगळ्यात शेवटचं, खरं तर पहिलं. चाकू घ्यायच्या आधी लोहार शोधा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं वैभव विळा काढला, भोपाळच्या संस्थेनं नवीन विळा काढला, चांगली कामं झाली. पण अवजार विद्यापीठातून आलं तरी त्याची धार गावातच लागणार. आठवडी बाजारात कोपऱ्यात भाता घेऊन बसलेला माणूस दरवर्षी कमी होत चाललाय. त्याची पोरं दुसऱ्या धंद्याला गेली, आपण दुकानातलं आयतं घ्यायला लागलो. तो उठला की पाट्याचं पोलादही आपल्याला निरुपयोगी, कारण त्याला पाणी पाजणारा हात राहणार नाही. मग बोथट झालं की फेका आणि नवीन मागवा, एवढंच उरेल.

या हंगामात एक करा. मोबाईलवरचा चाकू मागवायच्या आधी एकदा जवळच्या लोहाराकडं किंवा घिसाड्याच्या पालावर जा. काम सांगा, हात दाखवा, तीन इंचाचं पातं करून मागा, आणि भाव फार घासू नका. तुमच्याकडं असा माणूस अजून बसत असेल तर कोणत्या गावात, कोणत्या बाजाराच्या दिवशी, ते खाली लिहा. म्हणजे दुसऱ्यालाही तिथं जाता येईल.

जय जवान, जय किसान.